उणे

पावणेसहाला मैदानाच्या कडेला मी काटा मांडतो.
जुन्या बाजारातून आणलेला, काच तडकलेली,
शंभर ग्रॅम इकडेतिकडे. चालतं.
एकेक पोरगा बूट काढून चढतो,
मी वहीत लिहितो: सेल्वन बावन्न सातशे,
ग्लॅडविन एकसष्ट, अल्तमश अठ्ठेचाळीस
("खिशात किल्ल्या आहेत, दादा, त्या धरू नका").

सराव संपला की घाम पुसून पुन्हा चढायचं.
दोन आकड्यांमधला फरक तिसऱ्या रकान्यात,
वर मी लिहून ठेवलंय: उणे.
तेवढं पाणी तू खडकीच्या मातीला दिलंस, बाळा.
तेवढं, आणि वर थोडं,
दुपारपर्यंत परत घ्यायचं. घोट घोट. मीठ-साखरेचं.
बर्फाचा गोळा धरत नाही.
"आणि पाणीपुरी?"
तीही धरत नाही.

आमचे सर, चांगला माणूस,
म्हणायचे, पाणी प्यायलेला घोडा धावत नाही.
मे महिना, दुपारी तीन,
फॅक्टरीच्या भिंतीकडेने बावीस फेऱ्या.
वळणावर नळ होता. टपकायचा.
आम्ही थुंकी गिळायचो आणि त्याला दम म्हणायचो.
एकदा तोंड धुवायच्या निमित्ताने मी दोन घोट प्यायलो
आणि आठवडाभर आरशात बघितलं नाही.

आता नव्या पोराला पहिले चार दिवस अर्धाच तास.
ऊन अंगवळणी पडायला दहा-बारा दिवस लागतात.
शब्दच बघा ना, अंगवळणी:
अंगाला वळण लागायचं, तर वेळ नको द्यायला?

पिराजी औशाचा. म्हणाला, आमच्याकडचं ऊन बघा एकदा,
पुण्याचं ऊन म्हणजे सावलीच.
दोन दिवस जुलाब होत होते, ते सांगितलं नाही.
टीममधली जागा जाईल म्हणून.

त्या रविवारी मैदान उशिरा मिळालं,
क्रिकेटवाल्यांची मॅच लांबली.
सुरू करेपर्यंत दहा वाजले.
मी नको म्हणायला हवं होतं.
हे वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही,
इथे लिहितो.

साडेदहाला तो पास सोडून कॉर्नरच्या झेंड्याकडे चालत निघाला.
मी ओरडलो, पिराजी, स्कोअर काय झाला?
तो म्हणाला, म्हशी सोडल्या का?
पोरं हसली.
मी हसलो नाही. त्याच्या मानेला हात लावला
आणि हात मागे घेतला, तव्यावरून घेतात तसा.

निळा ड्रम, उभा कापलेला,
शेजारी शकिराबींच्या मासळीच्या गाळ्यातला बर्फ, पोत्यात.
एकेचाळीस दिवस नुसता पडून होता.
पोरं त्याला "दादांचा स्विमिंग पूल" म्हणायची,
खजिनदार विचारायचे, वापरत नाही तर बर्फ कशाला?
गळ्यापर्यंत बुडवला त्याला, बुटांसकट.
सेल्वनने डोकं धरलं, अल्तमश मगाने ओतत राहिला,
ग्लॅडविनने एकशे आठला फोन लावला.
आधी थंड, मग दवाखाना,
हे ड्रमवर मी ऑइलपेंटनं रंगवून ठेवलं होतं,
तरी हात म्हणत होते, उचल, रिक्षात घाल, पळ.

बारा मिनिटं.
मग तो कुडकुडला
आणि मला शिवी दिली. पूर्ण, व्याकरणशुद्ध,
कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी.
तेव्हा मी खाली बसलो.

दोन दिवस ससूनला होता.
अंगाला बोंबलाचा वास येतोय म्हणून
नर्सबाई नाक धरायच्या, हे तो सगळ्यांना सांगतो.
परत आला तेव्हा महिना उलटून गेला होता. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात.
पुन्हा अर्धा तास, पहिल्या दिवसापासून.
कुरकुरला. पण राहिला.

वहीत त्या रविवारी त्याच्यापुढे पहिला आकडा आहे,
छप्पन्न दोनशे.
दुसरा नाही. उणे मोकळं.
काल तो वही चाळत होता, तिथे थांबला,
बोट ठेवलं, काही बोलला नाही.
मग धाकट्या पोरांच्या बाटल्या भरायला गेला.

वळणावरचा नळ अजून टपकतो.
वॉशर बदलायचं राहूनच जातंय.